एका तारेवरचे साक्षीदार

३० मे २०२४. नवतपा ऐन भरात होता. दुपारभर कूलरसमोरून हलायची सोय नव्हती, आणि संध्याकाळी नागपुरात घरोघरी फोनवर एकच आकडा फिरू लागला : ५६ अंश सेल्सिअस. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तशी नोंद केली होती. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली होती, आणि त्यावर नागपूरने कळस चढवला. हवामान खात्याने खुलासा केला की नागपूरचा सेन्सर बिघडला होता, तो आकडा खरा नव्हता. मुंगेशपूरचा सेन्सरही पुढे तपासणीत ३ अंश जास्त दाखवणारा निघाला.

खुलासा येईपर्यंत आकडा गावोगावच्या नातेवाइकांपर्यंत पोचला होता. रात्री उशिरापर्यंत मी काळजीच्या फोनांना उत्तरं देत होतो. माझी भाची शेजारी बसून ऐकत होती. ती काटोलकडची. शिक्षणासाठी आमच्याकडे राहते, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. शेवटचा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “मामाजी, एकाच सेन्सरवर भरवसा कशाला ठेवायचा? दोन-तीन शेजारी शेजारी लावले, तर चुकीचं सांगणारा लगेच सापडन ना?”

या प्रश्नापायी पुढचं दीड वर्ष आम्ही दोघं आमच्या गच्चीवर आणि मग तिच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत राबलो. हा लेख त्याच दीड वर्षाचा आहे.

दोरी वर कुणीच ढकलत नाही

दोन-तीन सेन्सर लावायचे म्हणजे ते कशाला तरी जोडायला हवेत. आम्ही रास्पबेरी पाय घेतला. एकाच पाटीवर सगळा संगणक, आकार साधारण पत्त्यांच्या कॅटएवढा. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत, कारखान्यांत, शेतांत पसरला. त्याच्या कडेला ४० पिनांची दुहेरी ओळ असते. भाचीने त्यातल्या दोन पिनांवर बोट ठेवलं, तिसरी आणि पाचवी. “सगळे सेन्सर या दोन तारांवरच लागतात.”

सगळे? दोनच तारांवर? मला ते पटेना. विजेच्या एका खटक्यावर दहा दिवे लागतात हे ठाऊक होतं, पण दहा दिवे एकमेकांशी बोलत नसतात.

या पद्धतीचं नाव आय-टू-सी. नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये तयार केली. टीव्हीच्या आत चिपांची संख्या वाढत होती आणि प्रत्येकीसाठी वेगळ्या तारांचा जुडगा ओढणं महाग पडत होतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा : सगळ्यांना मिळून दोन तारा. एक घड्याळाची, तिच्यावर ठोके पडतात. दुसरी मजकुराची, प्रत्येक ठोक्याला तिच्यावरून एक शून्य किंवा एक जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाले अशा सामायिक वाटेला बस म्हणतात.

यातली खरी युक्ती समजायला मला आठवडा लागला. अखेर भाचीने गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी दाखवून समजावलं. समजा, ही दोरी वरून स्प्रिंगने ताणून धरली आहे आणि तिला दहा जणांनी हात लावला आहे. ज्याला बोलायचं आहे तो ती खाली ओढतो. हात सोडला की दोरी आपसूक वर जाते. वर ढकलायची मुभा कुणालाच नाही. खाली म्हणजे शून्य, वर म्हणजे एक. चुकून दोघांनी एकदम ओढली तरी दोरी खालीच जाते, काही तुटत नाही. याउलट एक जण वर ढकलतो आणि दुसरा खाली ओढतो अशी मुभा असती, तर विजेच्या तारांत त्याचा अर्थ सरळ शॉर्टसर्किट झाला असता. इथली स्प्रिंग म्हणजे तारेला ३.३ व्होल्टशी जोडणारा एक साधा रेझिस्टर. पुल-अप म्हणतात त्याला.

बोलायची रीत शाळेतल्या हजेरीसारखी आहे. पाय आधी मजकुराची तार खाली ओढून वर्गाला सावध करतो. मग सात ठोक्यांत एक क्रमांक पुकारतो, आणि आठव्या ठोक्याला सांगतो की तुझ्याकडून वाचायचं आहे की तुला लिहून द्यायचं आहे. नवव्या ठोक्याला तो दोरी सोडून देतो आणि थांबतो. ज्याचा क्रमांक पुकारला त्याने त्या एका ठोक्यापुरती तार खाली ओढायची. हीच “हजर”. तार वरच राहिली तर त्या क्रमांकाचं वर्गात कुणी नाही. बाकीचे सगळे ऐकतात, पण आपला क्रमांक नसला की गप्प राहतात. सात ठोक्यांत १२८ क्रमांक बसतात. त्यातले १६ राखीव आहेत, म्हणजे एका वर्गात ११२ पोरं मावतात.

बर्डीवरून आणलेली ओळख

सामान आणायला आम्ही बर्डीच्या बाजारात गेलो. अरुंद गल्लीतलं दुकान, भिंतभर प्लॅस्टिकचे छोटे खण, काउंटरवर सोल्डरिंगचा वास. आम्हाला हवा होता बीएमई-२८०. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब तिन्ही मोजणारा, करंगळीच्या नखाहूनही लहान चौकोनी सेन्सर. तो बटणाएवढ्या जांभळ्या पाटीवर बसवलेला मिळतो. आम्ही दोन घेतले.

घरी आल्यावर पहिला जोडला. तापमान आलं, दाब आला, आर्द्रता मात्र येईना. तारा तपासल्या, सोल्डरिंग पुन्हा केलं, मी वैतागलो. भाची शांतपणे म्हणाली, “याले याचंच नाव विचारून पाहतो.”

या चिपांच्या आत ठरावीक कप्प्यात त्यांची ओळख कोरलेली असते. तिने तो कप्पा वाचला. षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजताना, बीएमई-२८० आपली ओळख ६० अशी सांगतो. इथे उत्तर आलं ५८. ही बीएमपी-२८० ची ओळख. दिसायला जवळपास तसाच, पण आर्द्रता न मोजणारा धाकटा भाऊ. पाटीवरची छपाई आणि दुकानातला खण एक सांगत होते, चिप दुसरंच सांगत होती. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. आम्ही त्याच्या काउंटरवरच दोन्ही जोडून ओळख विचारली आणि मगच घरी आलो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला : साक्षीदार उभा करायचा तर आधी त्याची ओळख पटवायची.

पुढची अडचण त्याच रात्री आली. दोन्ही सेन्सर एकाच बसवर जोडले. कोणकोण हजर आहे हे पाहायची एक आज्ञा असते. ती दिली की पाय एकेक क्रमांक पुकारत जातो आणि पडद्यावर तक्ता मांडतो. गैरहजराच्या जागी रेघा, हजर असेल तिथे क्रमांक. आम्ही दोन क्रमांकांची वाट पाहत होतो. आला एकच, ७६. तापमान वाचलं तर ते धड याचं नव्हतं नि त्याचं नव्हतं.

कारण साधं होतं. दोघांचाही क्रमांक ७६ होता. वर्गात एकाच हजेरी क्रमांकाची दोन मुलं आणि दोघं एकदम बोलतात अशी गत. त्यांचा आवाज एकमेकांत मिसळतो, आणि या पद्धतीत शून्य नेहमी एकावर मात करतो, म्हणून जे निघतं ते दोघांचंही नसतं. कारखान्यांनी यावर छोटी सोय ठेवलेली असते. बीएमई-२८० च्या एका पिनेला जमिनीची तार दिली तर तो ७६ होतो, ३.३ व्होल्टची दिली तर ७७. भाचीने एक तार हलवली, पुन्हा हजेरी घेतली. पडद्यावर ७६ आणि ७७ शेजारी शेजारी उमटले. त्या दोन आकड्यांनी झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

तिसरी नेमणूक घड्याळाची होती. आमच्या पायवर स्वतःचं घड्याळ नव्हतं. इंटरनेट असेल तोवर तो वेळ विचारून घेतो, पण उन्हाळी वादळात वीज आणि इंटरनेट एकदम गेलं की नोंदीची वेळ चुकते, आणि चुकीच्या वेळेची नोंद चुकीच्या तापमानाइतकीच फसवी असते. म्हणून डीएस-३२३१ नावाची, बटण सेलवर चालणारी घड्याळाची चिप लावली. तिच्या माहितीपत्रकात एक ओळ जणू नागपूरसाठीच लिहिलेली होती. ४० अंशांपर्यंत ती दहा लाख सेकंदांत २ सेकंदांहून जास्त चुकत नाही, त्यापलीकडे मात्र ३.५ सेकंदांपर्यंत मुभा आहे. वर्षाकाठी ही चूक फार तर दोन मिनिटांची. मे महिन्याची बेगमी म्हणून आम्ही दुसराच आकडा धरला.

स्प्रिंगही जास्त होतात

एकेक जोडत जावं आणि सगळं चालावं, इतकं हे सरळ नाही. प्रत्येक तयार पाटीवर तिचा स्वतःचा पुल-अप रेझिस्टर असतो. पायवर आधीच १.८ किलोओहमचा आहे. त्याला समांतर आणखी रेझिस्टर जोडत गेलं की स्प्रिंग कडक होत जाते. ठरलेल्या नियमाप्रमाणे साध्या वेगाच्या बसवर कोणत्याही चिपने ३ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह खाली ओढण्याची जबाबदारी घेतलेली आहे. ३.३ व्होल्टला त्याचा अर्थ असा की एकूण रोध साधारण ९७० ओहमच्या खाली जाता कामा नये. प्रत्येक पाटीवर १० किलोओहम धरले तर चौथ्या पाटीपर्यंत गणित जुळतं. पाचवी लावली की रोध ९५० च्या आसपास येतो. तेव्हा कुणातरी पाटीवरचा रेझिस्टर काढावा लागतो. हे गणित भाचीने माझ्या डायरीच्या मागच्या पानावर करून दाखवलं, आणि शाळेत घोकलेलं समांतर जोडणीचं सूत्र मला चाळीस वर्षांनी पहिल्यांदा उपयोगी पडताना दिसलं.

दुसरी मर्यादा लांबीची. माझा बेत होता की पाय खोलीत ठेवावा आणि सेन्सर गच्चीवर. तार सोडली तेव्हा नोंदी तुटक येऊ लागल्या, मग थांबल्याच. तार लांबली की तिची विद्युत धारकता वाढते. मीटरला ढोबळमानाने ५० ते १०० पिकोफॅरड. बसची हद्द ४०० पिकोफॅरडची. म्हणजे चार-आठ मीटरमध्येच सोडलेली दोरी वेळेत वर पोचेनाशी होते आणि एकाचं शून्य वाचलं जातं. फिलिप्सने ही बस एका टीव्हीच्या पेटीच्या आत वापरायला बनवली होती, दोन मजल्यांसाठी नव्हे. शेवटी पायच गच्चीवरच्या सावलीतल्या पेटीत नेला आणि नोंदी वायफायने खाली आणल्या.

तिसरी अडचण मात्र आम्हाला घाम फोडणारी निघाली. एका रात्री प्रोग्रॅम अडकला म्हणून मी खोलीतूनच पाय रीबूट केला. तो उठला, पण हजेरीच्या तक्त्यावर एकही क्रमांक नाही. दोन्ही सेन्सर, घड्याळ, सगळे गायब. सगळे एकदम कसे बिघडतील?

बिघडलं काहीच नव्हतं. मी रीबूट दाबलं त्या क्षणी एक सेन्सर उत्तर देत होता, आणि नेमकं शून्य सांगायला त्याने तार खाली ओढलेली होती. पाय झोपला, ठोके थांबले. सेन्सरची वीज मात्र तुटली नव्हती. तो बिचारा पुढच्या ठोक्याची वाट पाहत तार धरून बसला. त्याने धरून ठेवली म्हणून बाकी कुणालाच बोलता येईना. यावरचा उपाय मानकातच सांगितला आहे : घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके द्या. अडकलेला आपलं अर्धवट वाक्य पूर्ण करतो आणि तार सोडतो. भाचीने तेवढ्यापुरता छोटा प्रोग्रॅम लिहिला, नऊ ठोके दिले, आणि तक्ता पुन्हा भरला.

त्या रात्री आमच्या आराखड्यात एक मोठा बदल झाला. दोन साक्षीदार एकाच तारेवर असतील तर एक अडकल्यावर दुसराही मुका होतो. म्हणून तिसरं तापमापक आम्ही मुद्दाम वेगळ्या तारेवर घेतलं, डीएस-१८बी२०. धातूच्या टोपणातला हा सेन्सर एकाच माहितीच्या तारेवर चालतो, आणि त्याला क्रमांक द्यावा लागत नाही. प्रत्येक नगावर ६४ बिटांचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला क्रमांक कारखान्यातच कोरलेला असतो.

नावं बदलली त्याची गोष्ट

आय-टू-सीची माहिती वाचताना मला एक गोष्ट सतत खुपत होती. जुन्या पुस्तकांत ठोके देणाऱ्याला मास्टर आणि उत्तर देणाऱ्यांना स्लेव्ह म्हटलेलं आहे. मालक आणि गुलाम. दीक्षाभूमीपासून काही मिनिटांच्या अंतरावर बसून हे शब्द मुलीला समजावून सांगताना जीभ अडखळायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या शहरात लाखो माणसांनी लादलेली ओळख टाकून दिली, तिथल्या मुलांनी यंत्रांची भाषा शिकताना तरी हे शब्द का घोकावेत?

फिलिप्सचा चिपांचा विभाग २००६ मध्ये एनएक्सपी नावाने वेगळा झाला. या कंपनीने २०२१ मध्ये मानकाच्या नव्या आवृत्तीत हे शब्द बदलले. आता कंट्रोलर आणि टार्गेट म्हणतात. भाचीच्या वहीत आता नियंत्रक आणि उत्तरदार असे शब्द आहेत. दुसरा शब्द तिने स्वतः पाडला आहे, आणि मला तो मूळ शब्दाहून बरा वाटतो, कारण ही चिप खरोखर विचारल्यावर उत्तर देण्याचंच काम करते.

साडेचारचं ऊन

हवेचं तापमान मोजायचं तर सेन्सर सावलीत हवा आणि तरी त्याला वारा लागायला हवा. हवामान खात्याच्या केंद्रांत त्यासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, स्टीव्हनसन पेटी. आम्ही कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उलट्या एकावर एक रचून, मध्ये फटी ठेवून तिची गरिबाघरची आवृत्ती केली. पायची स्वतःची ऊब सेन्सरला लागू नये म्हणून तो हातभर दूर ठेवला. स्लॅबची धग टाळायला सगळं खांबावर उंच नेलं.

मे महिना आला. पहिले काही दिवस तिन्ही आकडे अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत राहिले. या सेन्सरांकडून तेवढ्याच अचूकतेची अपेक्षा असते. मग रोज दुपारी एक वेडेपणा दिसू लागला. साडेचारच्या सुमारास ७७ क्रमांकाचा आकडा सरसर चढायचा, पाचच्या पुढे खाली यायचा. बाकी दोघं जागचे हलत नव्हते. एकटा ७७ असता तर आम्हीही तो आकडा खरा मानून नातेवाइकांना कळवला असता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला आम्ही दोघं डोक्यावर ओले पंचे घेऊन गच्चीवर उभे राहिलो. पश्चिमेचं कलतं ऊन दोन बशांमधल्या फटीतून आत शिरत होतं आणि नेमकं त्या जांभळ्या पाटीवर, भाकरीच्या तुकड्याएवढं, पडत होतं. सेन्सर धडधाकट होता. तो अगदी खरं सांगत होता, पण हवेबद्दल नाही, स्वतःवर पडलेल्या उन्हाबद्दल. भाचीने त्या बाजूला आणखी एक बशी लावली. आकडे जुळले.

मूठ

हे सगळं तिचे वडील, माझे भाऊजी, लांबून पाहत होते. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागेतल्या माणसाला मानांकनापेक्षा ताणाची चिंता जास्त असते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. कमी दिला तर फुटवा नुसत्या पानांचा येतो, जास्त झाला तर झाड खचतं. मातीत नेमकी किती ओल उरली, यावर वर्षाचं उत्पन्न ठरतं.

ओल मोजणारे सेन्सर थेट आकडा देत नाहीत, व्होल्टेज देतात. ते वाचायला एडीएस-१११५ ही चिप लागते. तिला चार कान असतात, आणि तिच्या क्रमांकाची पिन चारपैकी कोणत्या तारेला बांधली यावर तिचा क्रमांक ठरतो : जमीन, वीज, मजकूर किंवा घड्याळ. म्हणजे एका बसवर अशा चार चिपा आणि सोळा सेन्सर. पण संत्र्याची झाडं सहा-सहा मीटरवर असतात आणि आमची बस तेवढ्यातच दम तोडते. म्हणून प्रत्येक चार झाडांमागे एक छोटी पेटी केली, आणि पेट्यांपासून घरापर्यंत कारखान्यांत वापरतात ती आरएस-४८५ ची जोडतार ओढली. तिच्यावर एकमेकींत पिळलेल्या दोन तारांमधला फरक वाचला जातो, म्हणून ती कमी वेगात १२०० मीटरपर्यंत चालते आणि साध्या जोडणीत ३२ उपकरणं सांभाळते. नियम मात्र ओळखीचाच : प्रत्येकाला वेगळा क्रमांक, पुकारल्यावरच बोलायचं, बोलून झालं की तार सोडायची.

डिसेंबरात ताण सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात एका पेटीला जोडलेले, एका झाडाखालच्या मातीच्या वरच्या थरातले दोन्ही सेन्सर ठणठणीत कोरडं दाखवू लागले. भाची घाबरली. आता लगेच पाणी सोडायला हवं, असं तिने फोनवर सांगितलं. दोन साक्षीदार एकमताने बोलत होते.

भाऊजी झाडाखाली गेले, वीतभर खणलं, मूठभर माती घेऊन दाबली आणि तळहात उघडला. माती ढेकळासारखी एकसंध राहिली. “ओल हाय,” ते म्हणाले. “आणखी चार दिवस थांबू.”

मी वाकून पाहिलं. काळ्या मातीला सुकताना भेगा पडतात. वरच्या थराला पडलेली एक लांब भेग बरोबर दोन्ही सेन्सरांच्या कडेने गेली होती. त्यांची पाती मातीत नव्हती, हवेत होती. एकाच भेगेत उभे असलेले दोन साक्षीदार दोन नसतातच, ते एकच असतात. सेन्सर उपटून, खोली बदलून, एक झाडाच्या पूर्वेला आणि एक पश्चिमेला, घट्ट मातीत पुन्हा बसवले.

संध्याकाळी ओसरीत भाचीने नोंदवही उघडली. तारीख, वेळ, सेन्सर १, सेन्सर २, तापमान असे रकाने आधीच आखलेले होते. तिने पट्टी घेऊन शेवटी आणखी एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं : मूठ. मग वही वडिलांपुढे सरकवली. “बाबा, रोज सकाळी इथं तुम्ही लिहायचं. तुमच्याशिवाय बाकीच्यांचं खरं-खोटं आमाले समजत नाही.”

भाऊजींनी चष्मा लावला, पेन घेतला आणि त्या दिवसाच्या ओळीत पहिली नोंद केली.